पत्राची किल्ली

वाचकहो, मराठी मुलांची एक गुप्त भाषा आहे. तिला ‘च’ची भाषा म्हणतात. शब्दाचे पहिले अक्षर उचलावे, शेवटी नेऊन बसवावे आणि मोकळ्या झालेल्या जागी ‘च’ ठेवून द्यावा, की झाली भाषा तयार. ‘किल्ला’चा ‘चल्लाकि’ होतो, ‘मास्तर’चा ‘चस्तरमा’ होतो. तुमच्यापैकी अनेकांनी ती लहानपणी बोललेली असेल, आणि आपण बोललेले आईला मुळीच कळत नाही, असे त्या वेळी तुम्हांला वाटतही असेल. आईला सारे कळत असते. मास्तरांनाही कळते. पण कळूनही न कळल्यासारखे दाखवणे हा मास्तरकीचा पहिला धडा असल्यामुळे आम्ही खिडकीबाहेर पाहत राहतो.

माझ्या खिडकीबाहेर वेसाव्याची खाडी दिसते. कागदोपत्री आता सगळे वर्सोवा म्हणतात, अंधेरी-घाटकोपरकडून येणाऱ्या मेट्रोच्या स्थानकावरही तेच नाव आहे. पण आमच्या कोळीवाड्यात गाव अजून वेसावेच आहे. खाडीपलीकडे मढच्या टोकाला एक पडका किल्ला आहे. पोर्तुगीजांनी तो बांधला, १७३९ साली मराठ्यांनी घेतला, आणि पुढे १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याबरोबर तोही बळकावला. होडीत बसून पाच-दहा मिनिटांत पलीकडे जाता येते. किल्ल्याकडे पाहत मुलांना इतिहास शिकवण्याचे भाग्य थोड्याच मास्तरांना लाभते. मी काही इतिहाससंशोधक नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. चार कादंबऱ्या लिहिल्या, आणि बाकीचे आयुष्य खडू-फळ्यात गेले. इतिहास मी शिकलो तो वाचनालयातून घरी आणलेल्या पुस्तकांतून, रात्री जेवणे उरकल्यावर.

मागल्या पावसाळ्याच्या अखेरीस, चाचणी परीक्षेच्या आदल्या दिवशी, वर्गात बाकाखाली मला एक चिठ्ठी सापडली. तीवर एवढेच होते : ‘चपरपे चळेलमि, चल्लीकि चहेआ.’ म्हणजे, पेपर मिळेल, किल्ली आहे. प्रश्नपत्रिका माझ्या कपाटात होत्या आणि कपाटाची किल्ली वर्गाच्या मॉनिटरजवळ असे. कोळीवाड्यातला मुलगा, अबोल, खडू संपला तर न सांगता आणून ठेवणारा. चिठ्ठीतले अक्षर त्याचेच होते. ‘ल’ची ती विशिष्ट वेलांटी मी शंभर वह्यांत तपासली होती. त्या दिवशी मी काय केले, ते शेवटी सांगेन. त्याआधी तुम्हांला साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका दिवाळीत घेऊन जायचे आहे; कारण चिठ्ठीमागची खरी गोष्ट कळल्यापासून मला सारखी आठवत राहिली ती तिथली माणसे.

६ सप्टेंबर १६५७ रोजी दिल्लीत शहाजहान बादशहा आजारी पडला. वय पासष्ट वर्षांचे. रोज सकाळी झरोक्यात येऊन प्रजेला दर्शन देण्याचा मोगल बादशहांचा शिरस्ता होता, तो मोडला. बादशहाला चार मुलगे होते. थोरला दारा शुकोह बापाजवळ दरबारात होता. दुसरा शुजा बंगालच्या सुभ्यावर, तिसरा औरंगजेब दक्षिणेच्या सुभ्यावर आणि धाकटा मुरादबक्ष गुजरातेत अहमदाबादेस. मोगलांच्या घरात थोरल्यालाच गादी मिळावी असा पक्का कायदा नव्हता. गादी कोणाची, ते तलवार ठरवी; आणि जो हरला त्याला अंधारकोठडी किंवा कबर. त्यामुळे बाप आजारी पडला, तेव्हा चौघांच्याही मनात पहिला विचार वैद्याचा आला नसावा.

दारा बापाची शुश्रूषा करीत होता यात शंका नाही. पण त्याने एक चूक केली. बादशहाच्या दुखण्याची बातमी फुटू नये म्हणून त्याने रस्ते रोखले, नदीच्या उतारांवर चौक्या बसवल्या, बाहेर जाणारे कासीद अडवले आणि भावांच्या वकिलांवर पाळत ठेवली. ज्या घरातून एकाएकी पत्रे येईनाशी होतात, त्या घराविषयी लोक काय समजतात, हे आपण जाणतोच. बादशहा जिवंत आहे, बरा होत आहे, असे पत्र आले तरी दूरचे मुलगे म्हणू लागले की हे अक्षर दाराने गिरवलेले आहे. शहाजहान खरोखर बराही झाला. ऑक्टोबरात तो आग्र्यास गेला. पण तोवर त्याच्या सहीवरचा विश्वास मेला होता, आणि विश्वास मेल्यावर बादशहा जिवंत असून काय उपयोग?

औरंगजेब त्या वेळी आपल्याच मुलखाच्या आसपास होता. त्या वर्षी त्याने आदिलशाहीकडून बीदर आणि कल्याणी (हल्लीच्या कर्नाटकातले बसवकल्याण) हे किल्ले घेतले होते. विजापूर आता हातात आलेच, असे त्याला वाटत असता दरबारातून लढाई थांबवण्याचे हुकूम आले, आणि पाठोपाठ बापाच्या आजाराची कुणकुण. तो औरंगाबादेकडे वळला. हेच आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथून अहमदाबाद फार लांब, आणि वाटेत दाराचे हेर. मुरादशी बोलायचे तर कागदावरच बोलायला हवे, आणि कागद वाटेत कोणाच्या हाती पडेल याचा नेम नाही.

१९ ऑक्टोबरला मुरादने एका विश्वासू माणसाबरोबर औरंगजेबाकडे पत्र धाडले. ते पोचण्यापूर्वीच, २३ ऑक्टोबरला औरंगजेबाने मुरादकडे पत्र रवाना केले. दोन भावांची पत्रे वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. औरंगजेबाने या वेळी एक निराळी वस्तू धाडली होती : गुप्त लिपीची किल्ली. यापुढे महत्त्वाचा मजकूर या लिपीत लिहायचा. पत्र शत्रूच्या हाती पडले तरी त्याला त्यात अर्थहीन खुणांखेरीज काही दिसू नये. दोन सुभ्यांच्या दरम्यान टप्प्याटप्प्यावर हरकारे बसवले गेले. एकाने धावत यावे, दुसऱ्याच्या हाती थैली द्यावी, त्याने पुढे धावावे. शुजाशीही अशीच पत्रापत्री सुरू झाली. औरंगजेबाच्या या काळातल्या पत्रांचा मोठा संग्रह त्याचा चिटणीस काबिलखान याच्यामुळे शिल्लक राहिला आणि तो धुंडाळून यदुनाथ सरकारांनी हा सारा पट उलगडून दाखवला.

गुप्त लिपी म्हटली की मुलांचे डोळे चमकतात, म्हणून मी वर्गात तिचा एक देशी नमुना नेहमी दाखवतो. आपल्याकडे ‘अंकपल्लवी’ म्हणून एक जुनी युक्ती आहे. व्यंजनांचे वर्ग धरायचे : कवर्ग पहिला, चवर्ग दुसरा, टवर्ग तिसरा. मग आधी वर्गाचा आकडा आणि पुढे त्या वर्गातल्या अक्षराचा आकडा. ‘ग’ म्हणजे पहिल्या वर्गातले तिसरे अक्षर, तेरा. ‘ड’ म्हणजे तिसऱ्या वर्गातले तिसरे, तेहेतीस. कागदावर नुसते १३, ३३ असे आकडे दिसतात. जाणणारा वाचतो ‘गड’. हाताच्या खुणांनी बोलायची ती करपल्लवी : फणा काढलेल्या नागासारखा हात केला की स्वर, कमळासारखा केला की कवर्ग, आणि मग बोटांनी अक्षर मोजायचे. महानुभाव पंथाने तर आपल्या ग्रंथांसाठी सकळ लिपीसारख्या निराळ्या लिप्याच केल्या, आणि त्यामुळे त्यांचे मराठी वाङ्मय शतकानुशतके बाहेरच्यांना वाचता आले नाही.

परंतु मुले एक प्रश्न हटकून विचारतात, आणि तो मोठ्या माणसांना सुचत नाही. “मास्तर, सगळं पत्र कुलपात, मग किल्ली कशात पाठवायची?” खरेच आहे. किल्ली कुलपात घालून पाठवता येत नाही. ती कोणा तरी माणसाच्या हातीच द्यावी लागते. त्या माणसाला लिपी नसते. त्याला फक्त इमान असते. जगातली सगळी गुप्त पत्रे शेवटी अशा एका माणसापाशी येऊन थांबतात.

आता दिवाळीची गोष्ट. मी दिलेल्या तारखा जुन्या इंग्रजी पंचांगाच्या आहेत. त्या पंचांगाप्रमाणे औरंगजेबाची ती किल्ली औरंगजेबाकडून निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, २४ ऑक्टोबर १६५७ ला, आपल्याकडे आश्विन वद्य द्वादशी होती, वसुबारस. इकडे कोकणातल्या घरोघरी गाईवासरांची पूजा चालली असता शिवाजीमहाराजांच्या फौजेने कल्याण आणि भिवंडी घेतली. दोन्ही ठाणी आदिलशाहीची. औरंगजेबाच्या तडाख्याने विजापूर खिळखिळे झालेले, आणि औरंगजेबाचे तोंड उत्तरेकडे वळलेले. दोन बलाढ्यांच्या मधली ती नेमकी घटका महाराजांनी पकडली. त्याच वर्षी त्यांनी मोगलांचे जुन्नरही लुटले होते. तरी वकील धाडून औरंगजेबाशी बोलणी चालू ठेवली होती. कल्याणची नदी म्हणजे उल्हास. ती आमच्या साष्टी बेटाला वळसा घालून वसईपाशी समुद्राला मिळते. दोनच वर्षांत त्या काठी मराठ्यांची जहाजे बांधली जाऊ लागली आणि वसई, साष्टी, मुंबई या भागांचे त्या वेळचे धनी जे पोर्तुगीज, त्यांना धास्ती पडली. दिल्लीच्या घरात भाऊ भावांना गुप्त पत्रे लिहीत बसले, आणि त्या अवधीत इथे एका नव्या आरमाराचा पाया पडला. मुलांना मी हे सांगतो, तेव्हा खिडकीतून खाडी दाखवतो.

असो. आपण मुरादकडे जाऊ.

मुरादबक्ष तेहेतीस वर्षांचा, शूर, उमदा, आणि तितकाच उतावळा. रणांगणात सर्वांत पुढे, दरबारात कच्च्या कानाचा. त्याच्या हाताखाली सुभ्याचा दिवाण म्हणून अलीनकी नावाचा सरदार होता. शहाजहानने त्याला मुद्दाम पाठवले होते. हिशेबात चोख, स्वभावाने कडक. लाच घेणार नाही आणि घेऊ देणार नाही. असा माणूस कचेरीत असला की त्याला शत्रू मिळवावे लागत नाहीत, ते आपोआप येतात. मुरादचा एक लाडका खोजा त्याच्यावर जळत होता. पाटणचा फौजदार कुतुबुद्दीनखानही त्याचा वैरी होता. दोघांनी मिळून एक पत्र तयार केले. अलीनकीने दाराला लिहिलेले पत्र. मजकूर असा की मी अंतर्यामी आपलाच आहे. हुबेहूब अलीनकीचे वळण, खाली अलीनकीची मोहोर. ते एका कासिदाजवळ देऊन त्याला अशा वाटेने धाडले की मुरादच्या गस्तवाल्यांनी त्याला पकडलेच पाहिजे. त्यांनी पकडले.

रात्रभर मुराद पीत बसला होता. पहाटेपूर्वी ते पत्र त्याच्या हाती पडले. त्याने तत्काळ अलीनकीला बोलावणे पाठवले. तो त्या वेळी कुराण वाचीत होता. तसाच उठून आला. मुराद भाला हातात घेऊन बसलेला. त्याने विचारले, धन्याचा घात करू पाहणाऱ्या चाकराला काय शिक्षा द्यावी? अलीनकी क्षणाचाही विलंब न लावता उत्तरला, मृत्यू. तेव्हा मुरादने पत्र त्याच्यापुढे फेकले. अलीनकीने ते वाचले आणि त्याला सगळे उमगले. पण तो गयावया करणारा माणूस नव्हता. ज्याने हे केले त्याची धन्य, आणि ज्याला हे बनावट ओळखता येत नाही त्या धन्याच्या अकलेचीही धन्य, अशा अर्थाचे काहीसे तो बोलला. मुरादने भाला त्याच्या अंगात घातला.

पाहा, मुरादने प्रश्न विचारला नव्हता असे नाही. विचारला होता. परंतु त्या प्रश्नात उत्तराला जागाच ठेवली नव्हती. ‘तू हे लिहिलेस का?’ असे त्याने विचारले नाही. ‘तुला काय शिक्षा देऊ?’ असे विचारले. कागद त्याने बारकाईने पाहिला, मोहोर पाहिली, वळण पाहिले. पाहिला नाही तो एवढाच, समोर उभा असलेला माणूस.

आणि हाच मुराद त्या शरद ऋतूत औरंगजेबाची सांकेतिक पत्रे मोठ्या विश्वासाने वाचीत होता! ५ डिसेंबरला अहमदाबादेत त्याने स्वतःला बादशहा म्हणून जाहीर केले. त्याच महिन्यात त्याच्या माणसांनी सुरतेचा किल्ला सुरुंग लावून घेतला आणि तिथल्या धनिक व्यापाऱ्यांकडून पाच लाखांचे सक्तीचे कर्ज काढले. औरंगजेब त्याला सबुरीचा सल्ला देई. दोघांत करार झाला, कुराणाची शपथ वाहून : पंजाब, काश्मीर, सिंध आणि अफगाणिस्तान मुरादचे, लुटीतला तिसरा हिस्सा मुरादचा, दोन हिस्से औरंगजेबाचे. गुप्त लिपीने आपले काम चोख केले. या लिपीमुळे दाराला भावांच्या मनातले कळले नाही. पण औरंगजेबाच्या मनातले मुरादलाही कळले नाही, त्याला तीच लिपी काय करणार? किल्ली अक्षरांची होती, हृदयाची नव्हती.

औरंगाबादेत त्याच वेळी इमानाचा दुसरा एक खेळ चालला होता, तोही ऐकण्याजोगा आहे. मीर जुमला हा मोठा मातब्बर सरदार. आधी गोवळकोंड्याचा वजीर, हिऱ्यांच्या व्यापारात गबर झालेला, मग मोगलांकडे आलेला. त्याच्यापाशी उत्तम तोफखाना. दरबारातून त्याला परत बोलावणे आले. जावे तर तोफा जातात. न जावे तर त्याचे कुटुंब तिकडे बादशहाच्या हाती. १६५८ च्या जानेवारीत औरंगजेबाने त्याला कैद करून दौलताबादेच्या किल्ल्यात ठेवले आणि त्याचा तोफखाना ताब्यात घेतला. सगळ्या जगाने पाहिले की मीर जुमल्यावर मोठा अन्याय झाला, कुटुंब वाचले. ती कैद दोघांच्या संगनमताची होती. एक ओळ न लिहिता पाठवलेले ते सांकेतिक पत्रच होते म्हणा, आणि वाचणाऱ्यांनी ते चुकीचे वाचले! पुढे औरंगजेब बादशहा झाल्यावर मीर जुमल्याला बंगालचा सुभा मिळाला. त्याची निष्ठा मात्र कोणाशी होती, हे त्याला विचारले असते तर त्याने बहुधा हिशेबाची वही काढली असती.

५ फेब्रुवारी १६५८ ला औरंगजेब औरंगाबादेहून निघाला. बऱ्हाणपुरास महिनाभर थांबला, मग नर्मदा उतरला. १४ एप्रिलला माळव्यात दोघे भाऊ भेटले आणि दुसऱ्याच दिवशी उज्जैनजवळ धर्मातच्या मैदानात त्यांनी जोधपूरच्या जसवंतसिंहाचा पराभव केला. २९ मे रोजी आग्र्याजवळ सामूगढला खुद्द दाराचा मोड झाला. तिथे मुराद असा लढला की त्याच्या तोंडावर जखमा झाल्या आणि हौद्याला साळिंदरासारखे बाण रुतले. ८ जूनला आग्र्याच्या किल्ल्याचे दरवाजे उघडले आणि शहाजहान आपल्या मुलाचा कैदी झाला. बापाने अजून दाराला स्वहस्ते एक पत्र लिहून गुपचूप पाठवले होते. ते वाटेत पकडले गेले आणि औरंगजेबाने बापाची भेट टाळली ती टाळलीच. त्या पत्राला लिपी नव्हती. बापाने मुलाला साध्या अक्षरात लिहिलेले पत्र होते ते.

आता दोघे भाऊ दाराच्या पाठलागावर निघाले. विजय दिसू लागला तशी मुरादच्या छावणीत कुरबूर सुरू झाली, त्याचे सैन्य वाढू लागले. औरंगजेबाने रागाचा एक शब्दही काढला नाही. उलट वीस लाख रुपये आणि २३३ घोडे भावाला भेट धाडले, आणि जखमा बऱ्या झाल्याबद्दल मेजवानीचे आमंत्रण केले. हितचिंतकांनी मुरादला सावध केले. पण त्याच्या खाजगीतला एक नोकर औरंगजेबाने फोडला होता. २५ जूनला मथुरेजवळ शिकारीहून परतताना त्या नोकराने मुरादची वाट औरंगजेबाच्या डेऱ्याकडे वळवली. जेवण झाले, मद्य झाले, मुराद आडवा झाला. शाहबाज नावाचा एक विश्वासू खोजा तेवढा धन्याचे पाय चेपीत बसला होता. त्याला खुणेने बाहेर बोलावून धरले. मुराद जागा झाला तेव्हा त्याची शस्त्रे नाहीशी झाली होती आणि भोवती औरंगजेबाची माणसे उभी होती. त्याने कुराणाच्या शपथेची आठवण करून दिली म्हणतात. रात्रीच त्याला झाकलेल्या हौद्यातून दिल्लीकडे रवाना केले. पुढे ग्वाल्हेरचा किल्ला.

वाचकहो, कथा इथे संपली असती तर ती नेहमीच्या राजवाड्यातल्या कपटकथांसारखीच एक झाली असती. पण साडेतीन वर्षांनी औरंगजेबाला मुरादचा काटा कायमचा काढायचा होता, आणि त्यालाही ते न्यायाच्या नावाने करायचे होते. तेव्हा जुन्या दप्तरातून एक नाव वर आले. अलीनकी. त्याच्या मुलांना सांगण्यात आले, की तुमच्या बापाचा खून झाला आहे, कायद्याने खुनाचा बदला मागा. थोरल्या मुलाने नकार दिला. बापाचे रक्त आपण दुसऱ्याच्या सोईसाठी विकणार नाही, असेच जणू त्याचे मत होते. धाकट्याने मागणी केली. काजीने निकाल दिला, आणि ४ डिसेंबर १६६१ रोजी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात मुरादबक्षाचे मस्तक तुटले. औरंगजेबाने पुढे बक्षीस दिले ते न मागणाऱ्या थोरल्याला! मनुष्यस्वभावाचा त्याला किती बारीक अंदाज होता पाहा. निष्ठा ओळखता येत नव्हती असे नाही. फक्त ती कामापुरती ओळखायची होती.

एका बनावट पत्राने अलीनकीचा प्राण घेतला, आणि अलीनकीच्या मरणाने मुरादचा. ज्याने शत्रूला वाचता येऊ नये म्हणून एवढी खबरदारी घेतली, त्याला मित्र वाचता आला नाही.

आपल्या इतिहासात याचे पडसाद नाहीत असे समजू नका. शिवकालीन पत्रांच्या शेवटी मर्यादेची मुद्रा उठवीत, ती एवढ्याचसाठी की मजकूर संपल्यावर खाली कोणी दोन ओळी वाढवू नयेत. पानिपतच्या घाताची पहिली खबर पेशव्यांना सावकारी पत्रातून कळली, त्यात माणसांच्या ठिकाणी मोती आणि मोहरा लिहिल्या होत्या. आणि १७७३ सालच्या ‘ध’चा ‘मा’ केल्याच्या कथेवर तर संशोधकांनी कितीही शंका घेतल्या तरी ती मराठी माणसाच्या मनातून जात नाही. का जात नाही? कारण एका अक्षराने माणूस मरतो, ही भीती आपणां सर्वांच्या मनात कुठे तरी आहे.

आता माझ्या चिठ्ठीची गोष्ट पुरी करतो. त्या दिवशी मी मॉनिटरला पुढे बोलावले आणि सगळ्या वर्गासमक्ष विचारले, “मास्तरांचं कपाट फोडणाऱ्याला काय शिक्षा करावी?” तो गोंधळला. मग म्हणाला, “शाळेतून काढावं.” मी चिठ्ठी त्याच्यापुढे धरली. त्याने ती वाचली. काही बोलला नाही. खिशातून किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. त्याच्या त्या गप्प राहण्याला मी कबुली समजलो. खरे सांगायचे तर मला थोडे समाधानही वाटले. अक्षर ओळखल्याचे समाधान.

तिसऱ्या दिवशी दुसराच एक मुलगा रडत रडत माझ्या घरी आला. मॉनिटर व्हायची हौस. म्हणून ‘ल’ची वेलांटी गिरवून गिरवून त्याने ती चिठ्ठी लिहिली होती आणि मला सापडेल अशी टाकली होती. तो बारा वर्षांचा आहे. त्याच्यावर रागावता येईना. रागावण्यासारखा माणूस त्या खोलीत एकच होता, आणि तो आरामखुर्चीत बसला होता.

संध्याकाळी मी कोळीवाड्यात गेलो. मॉनिटरची आई ओट्यावर मासळी निवडीत बसली होती. मी सगळे सांगितले, माझी चूक झाली म्हणालो. तिने हात न थांबवता ऐकून घेतले. मग म्हणाली, “मास्तर, इचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं.” एवढेच. पाठ्यपुस्तकातले कोणतेही वाक्य मला इतके लागलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमक्ष त्याची क्षमा मागितली आणि किल्ली पुढे केली. त्याने ती लगेच घेतली नाही. किल्लीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. अलीनकीला मिळाली नाही ती एक संधी त्याला मिळाली होती. ती कशी वापरायची हे ठरवण्याचा हक्क त्याचा होता. मी हात तसाच पुढे ठेवून उभा राहिलो. मग तो बाकावरून उठला, किल्ली घेतली आणि खिशात टाकली. खडू संपला होता, तो आणायला गेला.

दिवाळीत घरोघरी पत्रे, निरोप आणि शुभेच्छा येतील. आता त्या कागदावर कमी आणि फोनवर जास्त येतात; त्यांनाही म्हणे कुलपे असतात, आणि ती कुलपे औरंगजेबाच्या लिपीहून कितीतरी पक्की आहेत. असोत बापडी. पण एखाद्या दिवशी आपल्या माणसाच्या नावावर, त्याच्याच वळणात, एखादी वाईट ओळ हाती आली, तर वाचकहो, दिवा थोडा वर करा, ओळ बाजूला ठेवा, आणि त्या माणसाला समोर बसवून साध्या मराठीत विचारा.